ओसियांची लापशी

जोधपूरहून जैसलमेरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ओसियां हे एक लहान स्थानक आहे. रस्त्याने गेल्यास जोधपूरपासूनचे अंतर सुमारे ६५ किलोमीटर भरते. शहर मागे पडले की जमीन सपाट आणि वाळूसर होत जाते. मधूनच खेजडीचे एखादे झाड, त्याच्या विरळ सावलीत बसलेल्या शेळ्या, कापणी झालेली बाजरीची शेते आणि वाटेत लाल मिरचीसाठी प्रसिद्ध असलेले मथानिया गाव, असा हा तासा-सव्वातासाचा प्रवास आहे. ओसियांच्या पलीकडे वाळूच्या टेकड्या सुरू होतात. उंटावर बसून सूर्यास्त पाहण्यासाठी पर्यटक तिकडे जातात. महाराष्ट्रातून येणाऱ्या जैन कुटुंबांची गाडी मात्र बहुधा गावातील टेकडीच्या पायथ्याशीच थांबते.

त्याला कारण आहे. पुणे, नगर, नाशिक, जळगाव, जालना या भागांत काही पिढ्यांपूर्वी येऊन धान्याचा, कापडाचा, सराफीचा व्यापार उभारणाऱ्या ओसवाल समाजाने आपले नाव या गावावरून घेतले आहे. ओसवालांतील अनेक गोत्रांची कुलदेवी, सच्चियाय माता, येथील टेकडीवर विराजमान आहे. लग्नानंतर नवदांपत्याने कुलदेवीच्या दर्शनाला यावे, मुलाचे जावळ येथे काढावे आणि घरात कार्य निघाले की पहिली पत्रिका देवीसमोर ठेवावी, असा कुलाचार पुष्कळ घरांत चालत आला आहे. लग्नानंतरच्या या दर्शनाला मारवाडात ‘जात देणे’ म्हणतात. स्थानकवासी कुटुंबे धर्माचरणात मूर्तिपूजा करीत नाहीत. तरीही त्यांच्यापैकी अनेक जण कुळाची रीत म्हणून येथे येतात. ओसवालांनी ओसियांत रात्रीचा मुक्काम करू नये, असाही एक जुना संकेत काही कुटुंबांत पाळला जातो. ती मंडळी जोधपूरला उतरतात, सकाळी निघतात आणि दिवस मावळण्यापूर्वी परततात.

ओसियांचे प्राचीन नाव उपकेशपूर. आज लहान दिसणारे हे गाव ८ व्या शतकापासून पुढे काही शतके समृद्ध व्यापारी नगर होते. त्या काळातील हरिहर मंदिरे आणि सूर्यमंदिर आजही येथे उभी आहेत. भगवान महावीरांचे जिनालय या सर्वांत महत्त्वाचे. प्रतिहार राजा वत्सराज याच्या काळात, म्हणजे ८ व्या शतकाच्या उत्तरार्धात, हे जिनालय अस्तित्वात होते, असे मंदिरातील विक्रम संवत् १०१३, म्हणजे इ. स. ९५६ च्या शिलालेखावरून कळते. पश्चिम भारतात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या जैन मंदिरांत त्याची गणना होते. पुढचे कोरीव तोरण नंतरचे, ११ व्या शतकातील आहे. मूलनायक महावीरांची मूर्ती वाळू आणि गाईचे दूध यांपासून घडली, अशी श्रद्धा आहे. मरुभूमीत या दोन वस्तूंपैकी एक सर्वत्र सापडते आणि दुसरी कष्टाने मिळते, हे ध्यानात घेतले की या आख्यायिकेचा भाव उमगतो.

टेकडीवरील देवीची कथा याहून विलक्षण आहे. परंपरेनुसार वीर निर्वाणानंतर ७० वर्षांनी आचार्य रत्नप्रभसूरी आपल्या शिष्यपरिवारासह उपकेशपूरला आले. सर्पदंशाने मृतवत झालेल्या राजघराण्यातील एका तरुणाला त्यांच्या कृपेने जीवदान मिळाले. राजाने आणि प्रजेने त्यांच्याकडून प्रतिबोध घेतला आणि जैन धर्म स्वीकारला. हेच पुढे ओसवाल झाले. इतिहासाचे अभ्यासक ही घटना परंपरेने मानलेल्या काळाच्या बऱ्याच नंतरची समजतात. कथेचा गाभा मात्र काळाच्या निश्चितीवर अवलंबून नाही. नवे श्रावक झालेल्या नगरवासीयांपुढे लगेच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. नगराची देवी चामुंडा हिला नवरात्रात पशूंचा बळी दिला जात असे. अहिंसेचे व्रत घेतल्यावर बळी कसा द्यायचा, आणि न दिल्यास देवी कोपली तर काय करायचे? आचार्यांनी देवीला लापशीसारखा गोड नैवेद्य देण्यास सांगितले. देवी प्रथम रागावली, तिने आचार्यांना पीडाही दिली. अखेर तिला आपली चूक उमगली आणि यापुढे हिंसेचा नैवेद्य घेणार नाही, असे वचन तिने दिले. दिलेल्या वचनाला ती सच्ची राहिली, म्हणून तिचे नाव सच्चियाय, सच्चिका किंवा बोलीभाषेत सच्चिया माता असे पडले.

या कथेत एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. धर्म बदलला, तरी श्रावकांनी जुन्या देवीला गावाबाहेर काढले नाही. तिची जागा तीच राहिली, मूर्तीही महिषासुराचा वध करणारीच राहिली. बदलले ते फक्त तिच्या पुढचे ताट. आणि देवीनेही भक्तांना सोडले नाही, आपली आवड सोडली. ज्या समाजाचा आरंभच असा एका ताटावरून झाला, त्या समाजात सून घरात येते तेव्हा स्वयंपाकघराला एवढे महत्त्व का येते, याचे नवल वाटू नये.

गेल्या माघात अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील एका आडत व्यापारी कुटुंबातील सून पती आणि सासूबाईंसह येथे आली. सून म्हटले तरी त्यांचे वय पन्नाशीच्या आसपासचे. लग्न १९९८ सालचे. मुलाचे लग्न ठरले होते आणि पत्रिका देवीला द्यायची होती. परंतु सासूबाईंनी घरात निघण्यापूर्वीच सांगून ठेवले होते की, आधी आईची जात होईल, मग मुलाची पत्रिका. कारण ही जात सव्वीस वर्षे राहून गेली होती.

त्या मूळच्या जयसिंगपूरच्या. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेली ही बाजारपेठ. तेथील दिगंबर जैन कुटुंबे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारी आणि बहुतांशी शेती करणारी. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये झाली आणि त्या चळवळीने या भागातील शेतकरी जैनांच्या घराघरांत शिक्षण नेले. याच वातावरणात वाढलेली ही मुलगी वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यास गेली. त्याच वर्गात नगरच्या आडत्याचा मुलगा होता. दोघेही जैन, दोघेही रात्रिभोजनत्याग पाळणारे. वसतिगृहाच्या खानावळीत सूर्यास्तापूर्वी जेवायला येणारे विद्यार्थी फार नसत. ओळख तेथेच झाली.

लग्नाला उघड विरोध असा कोणी केला नाही. परंतु एक दिगंबर आणि एक श्वेतांबर स्थानकवासी, एक शेतकऱ्यांचे घर आणि एक व्यापाऱ्यांचे, एकाची बोली कोल्हापुरी मराठी आणि दुसऱ्याच्या घरात मारवाडी, अशी सोयरीक त्या काळी दोन्हीकडे नवी होती. जयसिंगपूरच्या मांडवात अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके झाली आणि नंतर वरपक्षाच्या आग्रहाने फेरेही झाले. जेवणाच्या यादीवर मात्र दोन दिवस चर्चा चालली. वधूपक्षाच्या दृष्टीने खपली गव्हाच्या खिरीवाचून लग्नाची पंगत उठूच शकत नव्हती. वरपक्षाच्या मंडळींना ते पातळ, गुळाचे, चमच्याने वाढायचे पक्वान्न लग्नाच्या ताटाला शोभणारे वाटत नव्हते. अखेर खीर झाली, बुंदीचे लाडूही झाले. नगरहून आलेल्या पाहुण्यांपैकी बहुतेकांनी खिरीची वाटी बाजूला ठेवली. नवरीने मांडवातून ते पाहिले.

लग्नानंतर महिन्याभरात जात द्यायला ओसियांला जाण्याची त्या घराची रीत होती. थोरल्या सासऱ्यांनी, म्हणजे कुटुंबप्रमुखांनी, तिकिटांचा विषय निघाला तेव्हा एवढेच म्हटले की, मुलगी वेगळ्या आम्नायातली आहे, सध्या राहू द्या, पुढे पाहू. कोणी वाद घातला नाही. पुढे दोन दिरांची लग्ने झाली, दोन्ही जावा ओसवाल घरांतल्या, आणि दोघींची जात पहिल्याच महिन्यात झाली. थोरले सासरे गेले, मामंजीही गेले. जातीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही, आणि ज्यांची जात राहिली होती त्यांनीही काढला नाही. घरातील किराणा, वार्षिक मसाले, पापड-कुरडया, मुलांचे शिक्षण, दुकानाच्या विक्रीकराची कागदपत्रे, पुढे वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, सगळे त्यांच्याच हातचे होते. कुळाच्या वहीत तेवढी एक नोंद व्हायची राहिली होती.

खाण्याची आवड त्यांना लहानपणापासून होती. पण माहेर आणि सासर यांची स्वयंपाकघरे एकमेकांना अनोळखी होती. माहेरी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कटाची आमटी आणि शेतातून रोज येणारी ताजी भाजी. सासरी सासूबाईंनी, ज्यांना घरातले सगळे ‘बाई’ म्हणत, कंदमुळे तर सोडलेली होतीच, शिवाय बीज, पाचम, आठम, अग्यारस, चौदस या तिथींना हिरवी भाजी घरात शिजत नसे. महिन्यात असे दहा दिवस. कोल्हापूरच्या बाजूची मुलगी पहिल्या आठमीला ओट्यापाशी उभी राहिली आणि भाजीशिवाय भाजी कशी करायची, हे तिला सुचेना.

बाईंनी फडताळातून डबे काढले. एकात सुकवलेल्या सांगरीच्या शेंगा, एकात केर, एकात मुगाच्या मंगोड्या, एकात राबोडी, एकात पापड, एकात दाणा मेथी. मारवाडातून आलेल्या घरांचे खरे भांडार अशा डब्यांत असते. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे महाराष्ट्रात दसऱ्याला जिची पूजा होते ती शमी. केर हे काटेरी, जवळजवळ पाने नसलेल्या झुडपाचे हिरवे फळ. ते इतके कडू असते की मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस भिजवल्यावाचून तोंडी लागत नाही. या दोहोंच्या जोडीला कुमटियाच्या बिया, गुंदा, म्हणजे आपले भोकर, आणि आमचूर आले की पंचकुटा होतो. आमचूर सोडला तर यांतील एकही वस्तू बागेत लावावी लागत नाही. पाऊस न पडलेल्या वर्षीही ती माळावर मिळते, आणि एकदा वाळवली की वर्षभर टिकते. मारवाडातील जुन्या दुष्काळांत माणसांनी खेजडीची साल दळून खाल्ल्याच्या नोंदी आहेत. त्या प्रदेशाचे खेजडीवरचे प्रेम असे अनुभवातून आलेले आहे. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० मध्ये ही झाडे वाचवण्यासाठी ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. आज खेजडी हा राजस्थानचा राज्यवृक्ष आहे.

वाळवंटाची टंचाई आणि श्रावकाचा संयम, दोन्ही एकाच डब्यात कसे मावतात, हे त्यांना हळूहळू कळू लागले. हिरवी भाजी नाही, म्हणून बेसनाचे गट्टे. दही चालते, पण कच्चे दही आणि द्विदल धान्य एकत्र आले की अभक्ष्य, म्हणून दही आधी उकळून घ्यायचे आणि मगच त्यात गट्टे सोडायचे. जोधपूरला तर गव्हाची कणीक पाण्यात धुऊन, उरलेला चिवट गोळा वाफवून, त्याचे तुकडे मसाल्यात शिजवतात, ती चक्कीची भाजी. आणि खव्याचे गुलाबजाम पाकात न घालता तिखट रश्शात सोडतात, तीही भाजीच. माहेरी मसाला म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे समीकरण होते. त्यांनी सासरी तीळ, सुके खोबरे, धने आणि हिंग यांवर संकेश्वरी मिरचीचा नवा मसाला बसवला. तो बाईंनी पहिल्या वर्षी चाखून ठेवून दिला, दुसऱ्या वर्षी गट्ट्यांत घातला, आणि तिसऱ्या वर्षी नणंदेकडे पाठवायला म्हणून दोन किलो जास्त करायला सांगितले. बाजरीने तर दोन्ही घरांना आधीच जोडले होते. मारवाडचा जाड सोगरा आणि नगरी बाजरीची भाकरी यांत अंतर आहे ते केवळ जाडीचे.

संसाराचे म्हणून जे काही सुख असते, ते या घरात बरेचसे सूर्यास्ताशी बांधलेले होते. चौविहार पाळायचा तर दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकले पाहिजे. हिवाळ्यात सहाच्या आत. आडतीच्या दुकानात त्याच वेळी हिशेबाची घाई असते. तरीही पती रोज पाचच्या सुमारास दुकान मुनीमजींवर सोपवून घरी येत, दोघे एकत्र जेवत आणि ते पुन्हा दुकानात जात. इतर व्यापाऱ्यांच्या घरी रात्री दहाला झाकून ठेवलेली ताटे असत. या घरात एवढ्या वर्षांत, बाहेरगावचे दिवस सोडले तर, पतीचे ताट कधी झाकून ठेवावे लागले नाही. दोघांत भांडणे झाली, अबोला झाला, एका वर्षी तुरीच्या भावाने मोठा फटका बसला तेव्हा घरात आठवडाभर कोणी मोकळेपणाने बोलले नाही. पण पाच वाजता चपला दारात वाजत आणि ताट मांडले जाई. व्रत आत्म्याच्या कल्याणासाठी असते. त्याने संसाराचेही एवढे कल्याण केले, हे त्या पुढे आपल्या मुलाला सांगत असत.

खरी कसोटी भाद्रपदाची होती. स्थानकवासी परंपरेत आठ दिवसांच्या पर्युषणाची सांगता भाद्रपद शुद्ध पंचमीला संवत्सरीने होते. दिगंबर परंपरेतील दशलक्षण पर्व त्याच पंचमीला सुरू होते आणि अनंत चतुर्दशीपर्यंत चालते. म्हणजे सासरच्या सर्वांचे पर्व ज्या दिवशी संपते, त्याच दिवशी सुनेचे सुरू होते. पहिल्या वर्षी त्यांनी सासरचे आठ दिवस केले. संवत्सरीचा उपवास केला, सर्वांना खमतखामणा केला. दुसऱ्या दिवशी घरात पारण्याची गडबड होती. त्यांचे एकासन होते. कोणाला सांगावे, असे वाटत नव्हते. त्यांनी सकाळी काही घेतले नाही, आणि दुपारी काय करावे या विचारात असताना बाईंनी त्यांच्यासाठी निराळ्या भांड्यात पाणी उकळून ठेवलेले दिसले. शेजारी धुतलेले तांदूळ होते. बाईंनी कोठल्या तरी दिगंबर शेजारणीकडून सगळे विचारून घेतले होते. दहा दिवस ते भांडे तसेच वेगळे राहिले. पुढील वर्षापासून त्या भाद्रपदात घरात सतरा दिवसांचे पर्व होऊ लागले. आणि काही वर्षांनी बाईंनीही अनंत चतुर्दशीचा उपवास धरला. त्याविषयी त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

एवढे सगळे होऊनही जात राहिलीच होती. म्हणून माघातील त्या प्रवासाला घरात एक मुकेपणा होता.

जोधपूर हे शहर राव जोधा यांनी १४५९ मध्ये वसवले. तेथील घंटाघराच्या बाजारात त्या सगळ्यांनी एक संध्याकाळ घालवली. नव्या सुनेसाठी सांगरी, केर आणि मथानियाची मिरची घ्यायची होती. सांगरी निवडताना शेंग बारीक आणि एकसारखी हवी, फार काळी पडलेली नको, केर जेवढा लहान तेवढा चांगला, हे दुकानदाराला त्याच सांगत होत्या. बाई बाजूला स्टुलावर बसून ऐकत होत्या. मथानियाची मिरची हातात घेऊन त्यांनी रंग पाहिला, बोटांनी मोडून वास घेतला आणि पतीला म्हणाल्या, की रंग संकेश्वरीच्या तोडीचा आहे. दुकानदाराने विचारले, आपण मारवाडच्या कोणत्या गावच्या? त्यावर बाईंनीच उत्तर दिले, ‘‘ओसियांच्या.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसियांला पोहोचले. प्रथम महावीर जिनालयात दर्शन घेतले. मूर्तिपूजा न करणाऱ्या बाई मंडपात शांतपणे नवकार म्हणत बसल्या. माहेरी बसदीत वाढलेल्या सुनेला जिनबिंबासमोर उभे राहण्याचा सराव होता. त्यांनी अर्घ्य वाहिले. एकाच मंदिरात एकाच तीर्थंकरांसमोर दोघी आपापल्या रीतीने होत्या, आणि त्यात कोणालाही काही विशेष वाटले नाही.

नंतर धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात लापशी करायची होती. बाईंनी हात टेकून सांगितले, की लापशी बिनणीने करायची. लापशीला गव्हाचा जाड भरडा लागतो. तो तुपात मंद आचेवर लालसर होईपर्यंत परततात, त्यात गुळाचे गरम पाणी घालतात आणि झाकण ठेवून दाणा फुलू देतात. मारवाडात कोणत्याही मंगल कार्याचा आरंभ या पदार्थाने होतो. गव्हाला गुळाचे पाणी मिळाले, वाफ आली, आणि त्या काही क्षण थांबल्या. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. जयसिंगपूरला खपली गहू ओलावून, उखळात सडून, मऊ शिजवून त्यात गूळ घालताना असाच वास घरभर पसरत असे. एक पदार्थ दुधाबरोबर वाटीत जातो, दुसरा तुपाने मोकळा राहून ताटात पडतो. पण गहू तोच, गूळ तोच आणि मंगल कार्याचा मानही तोच. बाराशे किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या दोन जैन समाजांनी मंगल दिवसासाठी एकच जोडी निवडली होती. त्यांचा हात सवयीने पुढे गेला आणि पिशवीतील जायफळ त्यांनी थोडेसे किसून घातले. मग त्या दचकल्या. देवीच्या लापशीत जायफळ घालण्याची घरात रीत नव्हती, आणि नैवेद्य चाखून पाहता येत नाही.

बाईंना वास आला होता. त्या म्हणाल्या, ‘‘हे तर तुझ्या माहेरच्या खिरीसारखं झालं.’’

‘‘चुकून पडलं, बाई. दुसरी करते.’’

‘‘कशाला? माताजींनी एकदा सगळं जेवणच बदललं. जायफळाचं त्यांना काय जड आहे? चल, ऊन चढायच्या आत वर जाऊ.’’

सच्चियाय मातेच्या मंदिराकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर एकामागून एक कोरीव तोरणांच्या कमानी आहेत. मंदिराचे आजचे रूप मुख्यतः १२ व्या शतकातील मानले जाते. वर पोहोचल्यावर गावाची सपाट छपरे, जिनालयाचे शिखर आणि त्यापलीकडे वाळूची पिवळी रेघ दिसते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई एकेक पायरी चढत होत्या. एका बाजूने मुलाने आणि दुसऱ्या बाजूने सुनेने त्यांना धरले होते. पुजाऱ्याने गोत्र विचारले. एरवी हे उत्तर घरातील पुरुष देतो. बाईंनी सुनेकडे पाहिले. त्यांनी सासरचे गोत्र सांगितले, पदर सावरला आणि पतीसह नैवेद्य पुढे केला. पत्रिका त्यानंतर ठेवली गेली. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम होते. सव्वीस वर्षे कोणी आडकाठी केली नव्हती आणि कोणी पुढाकारही घेतला नव्हता. त्या दहा मिनिटांसाठी एका वृद्ध स्त्रीला टेकडी चढावी लागली.

खाली उतरल्यावर प्रसादाची लापशी वाटली गेली. जात द्यायला आलेली नाशिककडची दोन नवी जोडपी तेथे होती. त्यांतील एका मुलीने, लापशीत वेगळे काय आहे, म्हणून विचारले. बाईंनी तिला जायफळाचे प्रमाण सांगितले, अगदी आपल्या घरची जुनी रीत सांगावी तसे.

ओसियांला जाणाऱ्यांसाठी एवढे सांगता येईल, की आश्विन ते फाल्गुन हा काळ सोयीचा. उन्हाळा वृद्धांना सोसत नाही आणि दोन्ही नवरात्रांत मोठी गर्दी असते. पुणे आणि मुंबईहून जोधपूरला थेट रेल्वेगाड्या आहेत. पुढचा प्रवास मोटारीने किंवा बसने होतो. जेवणाची आणि उतरण्याची सोय मंदिरांच्या धर्मशाळांतून होते. महावीर जिनालय पाहण्यासाठी पुरेसा वेळ ठेवावा. बहुतेक कुटुंबे देवीचे दर्शन उरकून परततात आणि हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे ते कोरीव काम घाईत पाहतात.

आणि नव्या सुनेला येथे आणताना सर्वांनीच, विशेषतः घरातील थोरांनी, देवीची कथा पुन्हा एकदा नीट ऐकावी. ती सहसा श्रद्धेच्या विजयाची कथा म्हणून सांगितली जाते. ती देण्याघेण्याचीही कथा आहे. सून घर बदलते, नाव बदलते, चव बदलते, हे गृहीतच धरलेले असते. तिच्यासाठी घराने काय बदलले, याची नोंद फार थोड्या घरांत होते. व्यापारी माणसाला एकाच बाजूच्या नोंदी असलेला ताळेबंद जुळत नाही, हे निराळे सांगायला नको.

नगरच्या त्या घरातील लग्न वैशाखात झाले. जेवणाच्या यादीत पहिली ओळ लापशीची होती आणि दुसरी खपली गव्हाच्या खिरीची. दोन्ही नावे बाईंनी स्वतः सांगून लिहून घेतली होती. खिरीसाठी गहू जयसिंगपूरहून आला. या वेळी वाट्या रिकाम्या परत आल्या.